सार्कोमा म्हणजे ‘सी४९’ नव्हे

सार्कोमाचे, म्हणजे हाडे, स्नायू, चरबी अशा ऊतींत उद्भवणाऱ्या कर्करोगाचे, निदान झाले की डोळे झाकून ‘सी४९’ हा मऊ ऊतींच्या कर्करोगाचा संकेतांक लिहावा, असा समज कोडिंग करणाऱ्यांमध्ये, म्हणजे रुग्णांच्या नोंदींत आजारांचे संकेतांक भरणाऱ्यांमध्ये, रुजलेला आहे. तो चुकीचा आहे. आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात कर्करोगाच्या घन गाठींचे वर्गीकरण मुख्यतः गाठ मुळात कोठे उगम पावली यावरून होते, तर पेशींचा प्रकार आयसीडी-ओ या फक्त गाठींसाठीच्या वर्गीकरणातील वेगळ्या संकेतांकाने नोंदवला जातो. म्हणूनच मांडीतील लायपोसार्कोमा (चरबीच्या पेशींचा सार्कोमा) सी४९.२ मध्ये येतो. मात्र तोच पोटाच्या पडद्यामागील जागेत, म्हणजे रेट्रोपेरिटोनियममध्ये, उद्भवला तर सी४८.० लागतो. स्तनातील सार्कोमा सी५०, परिघीय मज्जातंतूंचा सी४७ आणि हाडांचा सी४० किंवा सी४१ या गटात जातो. कापोसी सार्कोमा हा अपवाद असून त्याला सी४६ हा स्वतंत्र गटच आहे.

सी४९.९, म्हणजे ‘मऊ ऊती, जागा अनिर्दिष्ट’, लिहिणे ‘सुरक्षित’ असते, हेही खरे नाही. मूळ जागा अहवालात स्पष्ट असताना ‘अनिर्दिष्ट’ लिहिणे म्हणजे हाती असलेली माहिती टाकून देणे होय. मांडीतील गाठ फुप्फुसात पसरली, तर फुप्फुसासाठी सी७८.० हा दुय्यम संकेतांक जोडावा; त्यामुळे मूळ गाठीचे स्थान बदलत नाही.