‘सिव्हिल वॉर’: कॅप नक्की कशासाठी भांडला?

मार्व्हलच्या ‘कॅप्टन अमेरिका: सिव्हिल वॉर’ या पिक्चरमुळे ‘टीम कॅप की टीम आयर्न मॅन’ हा वाद 2016 पासून चालू आहे: बाजू कॅप्टन अमेरिका स्टीव्ह रॉजर्सची घ्यायची, की आयर्न मॅन टोनी स्टार्कची? चालू दे, त्याला माझी ना नाही. पण दर वेळी मधेच कुणीतरी ठणकावतं, ‘‘सरकार मास्क उतरवायला निघालं होतं, म्हणून कॅप बरोबर.’’ लगेच दुसरा, ‘‘कॅपला फक्त जुन्या दोस्ताला, बकीला वाचवायचं होतं रे.’’ पहिला त्याच नावाच्या मार्व्हल कॉमिकबद्दल बोलतोय, दुसरा पिक्चरबद्दल, आणि दोघंही समोरच्याची अक्कल काढताहेत. वैताग येतो.

पिक्चर तुम्हाला पाठ असेल: लागोसचा स्फोट, सोकोव्हिया करार, व्हिएन्नातला बॉम्ब, बकीवर आळ, लाइपझिगच्या विमानतळावरची हाणामारी, सैबेरिया. कॉमिक त्याच्या दहा वर्षं आधीचं, 2006-07 मधलं. सात अंक, लेखन मार्क मिलर, चित्रं स्टीव्ह मॅकनिव्हन. तिथे पात्रांची जत्रा आहे, इथे विमानतळावर सहा विरुद्ध सहा. कॉमिकमधले फँटास्टिक फोर हे सुपरहिरो पिक्चरमध्ये का नाहीत, याचं उत्तर एका ओळीचं: त्यांचे पिक्चरचे हक्क तेव्हा फॉक्स या दुसऱ्या स्टुडिओकडे होते. यावर तासतासभर खल करणाऱ्यांना नमस्कार.

खरी गोची कायद्याची आहे.

कॉमिकमध्ये स्टॅमफर्ड नावाच्या गावात न्यू वॉरियर्स ही तरुण सुपरहिरो पोरं टीव्हीच्या रिअॅलिटी शोसाठी गुंड पकडायला जातात. समोर नायट्रो, ज्याची ताकदच मुळी स्वतःचा स्फोट करण्याची. शाळा जवळ. सहाशेवर माणसं मरतात, त्यात लहान मुलं. मग अमेरिका ‘सुपरह्यूमन रजिस्ट्रेशन अॅक्ट’ आणते. अंगात शक्ती आहे आणि ती वापरायचीय? मग खरं नाव सरकारदरबारी नोंदवा, प्रशिक्षण घ्या, पगार घ्या, शील्ड या सुरक्षा संस्थेच्या हाताखाली काम करा. नोंदवायचं नसेल तर पोशाख खुंटीला टांगा, नाहीतर तुरुंग. हा एका देशाचा कायदा आहे आणि तो प्रत्येक माणसाला व्यक्तिशः लागू होतो.

पिक्चरमधल्या करारावर 117 देशांची मोहोर आहे. त्यात कळीचा मुद्दा एवढाच, की अॅव्हेंजर्स ही कॅप-टोनीची सुपरहिरो टीम यापुढे खाजगी टोळी राहणार नाही. संयुक्त राष्ट्रांची समिती सांगेल तेव्हा जायचं, नाही सांगितलं तर घरी बसायचं. ‘तू कोण आहेस?’ हे करार घेऊन येणारा अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री रॉस कुणालाच विचारत नाही. विचारणार तरी कशाला? 2008 मध्येच टोनीने पत्रकारांसमोर आपण आयर्न मॅन असल्याचं सांगून टाकलंय आणि स्टीव्ह रॉजर्सच्या नावाने संग्रहालयात दालन आहे. या अॅव्हेंजर्सकडे लपवायला नावच उरलेलं नाही, म्हणून पटकथेला भांडणाचा विषय बदलावा लागला: ओळख गेली, हुकूम कुणाचा हे आलं.

त्यामुळे कॉमिकमधला कॅप पोलिसी नोंदवहीविरुद्ध उभा आहे. आज नावं सरकारजमा झाली, तर उद्या खलनायक कोण हे सरकार ठरवेल, ही त्याची भीती. पिक्चरमधल्या कॅपला चिंता वेगळी: जिथे जायला हवं तिथे समितीने जाऊच दिलं नाही तर? दोन्ही मुद्दे दमदार आहेत, पण एकाचं उत्तर दुसऱ्याला लागू पडत नाही. कॉमिकच्या टोनीला ‘समिती वेळेवर निर्णय घेईल का?’ विचारणं फुकट आहे.

आणि कॉमिक वाचलेल्यांनीही कॉलर ताठ करू नये, कारण मास्कचा गोंधळ त्यांच्यातही आहे. कायद्याने नाव सरकारला द्यायचं होतं, जगाला नाही. दुसऱ्या अंकात पीटर पार्कर, म्हणजे स्पायडरमॅन, कॅमेऱ्यांसमोर मास्क काढतो, तो टोनीच्या आग्रहाखातर, कायद्याची जाहिरात म्हणून. त्याची किंमत मात्र पीटरच मोजतो. पुढे मे काकूला गोळी लागते, आणि ते निस्तरताना लेखकांनी पीटर-मेरी जेनचं लग्नच पुसून टाकलं. त्याबद्दल मी अजून कुणाला माफ केलेलं नाही.

आता तोच पीटर पिक्चरमध्ये बघा. टोनी क्वीन्सच्या घरी येतो, खोलीचं दार लावून जर्मनीला चल म्हणतो. पीटर गृहपाठाची सबब सांगतो. टोनी काकूला सांगायला निघतो, तसा पीटर जाळं सोडून त्याचा हात दाराच्या मुठीला चिकटवतो: काकूला कळता कामा नये. म्हणजे मास्कमागचं गुपित जपायला धडपडणारा पोरगा उभा राहतो टोनीच्या बाजूने. शिवाय त्याने करारावर सही केल्याचं कुठेही दिसत नाही! जबाबदारीच्या नावाखाली शाळकरी पोराला लाइपझिगला नेणारा टोनी अनेकांना ‘कायदा पाळणारा’ वाटतो, याचं मला कायम नवल वाटतं.

बकीचं म्हणाल तर कॉमिकच्या मुख्य कथेत त्याचा काही संबंध नाही. पिक्चरमध्ये मात्र तो आला की करार बाजूला पडतो. सैबेरियात 16 डिसेंबर 1991 च्या रात्रीचं चित्रण लागतं, टोनीच्या आईवडिलांना कुणी मारलं ते कळतं आणि स्टीव्हला हे ठाऊक होतं हेही. तिथून पुढची हाणामारी घरगुती आहे. बघायला जबरदस्त, पण ती बघून ‘करार चूक’ किंवा ‘करार बरोबर’ असा निकाल कसा काय लावता?

माझं मत विचाराल तर प्रश्न कॉमिकचा सरस, टोनी पिक्चरचा. कॉमिकमध्ये नोंदणीची बाजू खरं तर पटण्यासारखी आहे. परवान्याशिवाय रस्त्यावर ट्रकसुद्धा घालू देत नाहीत. पण मग टोनीची मंडळी थॉरचा क्लोन काय बनवतात, तो कॅपच्या बाजूच्या गोलायथला ठार काय मारतो, निगेटिव्ह झोन नावाच्या दुसऱ्याच मितीत तुरुंग काय उभा राहतो! लेखकाने एका बाजूला मुद्दाम काळं फासलं की वादाची मजा जाते. पिक्चरच्या टोनीला, अॅव्हेंजर्सच्या आधीच्या लढाईत सोकोव्हिया देशात मेलेल्या मुलाची आई गाठते, फोटो हातात देते. त्याचं अपराधीपण खरं वाटतं.

राहता राहिला कॅपचा मृत्यू. सातव्या अंकात तो मरत नाही. अग्निशमन आणि अॅम्ब्युलन्सची साधी माणसं त्याला धरून ठेवतात, उद्ध्वस्त न्यूयॉर्क त्याला दिसतं आणि तो शरण जातो. गोळ्या लागतात त्या ‘कॅप्टन अमेरिका’च्या 25 व्या अंकात, कोर्टाच्या पायऱ्यांवर. सात अंक वाचून ‘मेला कुठे?’ असं विचारणाऱ्यांनी तो अंक वेगळा शोधावा.