डब्याच्या तळाचे हरभरे शिजत का नाहीत?

महिनाअखेर होती. पगाराला तीन दिवस अवकाश, म्हणून वहिनींनी बाजाराची वाट न धरता फळीवरचे डबे खाली काढले. मूठभर शेंगदाणे, थोडी मसूर, तळाला गेलेलं तांदळाचं पीठ आणि मोठ्या स्टीलच्या डब्यात दोनेक किलो हरभरे. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात वर्षाचं धान्य भरताना घेतलेले, दोन पावसाळे काढलेले. चार माणसांच्या कितीतरी उसळी त्यात निघाल्या असत्या. त्यातले थोडे भिजत घातले. रात्रभरात ते टम्म फुगले, सकाळी कुकरच्या आठ शिट्ट्या झाल्या, आणि तरीही दाताखाली कचकच.

"भावजी, बघा हो, गॅस फुकट गेला. टाकूनच देते आता सगळे."

शेजारच्या काकू दारातच उभ्या होत्या. त्यांनी कारणही सांगून टाकलं. "अमावास्येला भिजत घातलेस ना? मग कसे शिजतील!"

हे ऐकून मला राहवलं नाही. शंभर ग्रॅम हरभऱ्यात वीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. असं अन्न तिथीचा दोष काढून कचऱ्यात जावं, हे मनाला पटत नाही. चंद्र कुठे आहे याची हरभऱ्याला खबर नसते. त्याला खबर असते कॅल्शियमची, आणि ती गोष्ट इतकी सुंदर आहे की स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येकाला ती ठाऊक असायला हवी असं मला वाटतं.

आधी एक गल्लत दूर करू. न शिजणारे दाणे दोन प्रकारचे असतात. एक प्रकार पाणीच पीत नाही. मटकी भिजवली की सगळी फुगते, पण पाच-सहा दाणे खड्यासारखे टणक राहतात. त्यांना कुणी गणंग म्हणतं, कुणी कुचर. त्यांच्या सालीत पाण्याला शिरायला वाटच नसते. बीजाच्या दृष्टीने ही चांगली सोय आहे: पहिल्या पावसाला सगळ्यांनी उगवून मान टाकण्यापेक्षा काहींनी थांबलेलं बरं. दुसरा प्रकार आमच्या हरभऱ्यांचा. ते पाणी पितात, फुगतात, आणि तरीही मऊ होत नाहीत. खरं कोडं या दुसऱ्याचं आहे.

सालीच्या आतली हरभऱ्याची डाळिंबी म्हणजे भिंतीला भिंत लागून उभ्या असलेल्या असंख्य खोल्यांची चाळ समजा. प्रत्येक खोली म्हणजे एक पेशी, आत पिष्टाचे कण आणि प्रथिनं ठासून भरलेली. दोन खोल्यांच्या भिंतींमध्ये जो चुना-गारा असतो, त्यातला मुख्य पदार्थ पेक्टिन. दाणा शिजतो तेव्हा खोल्या फुटत नाहीत. हा गारा विरघळतो आणि खोल्या एकमेकींपासून सुट्या होतात. नीट शिजलेला हरभरा बोटांत चिरडून बघा, पिठूळ लागतो. ते पिठूळपण म्हणजे सुट्या झालेल्या, बऱ्याचशा अखंड पेशी. कचकचणाऱ्या दाण्यात आतलं पिष्ट शिजलेलं असू शकतं, पण गारा सुटलेला नसतो.

पेक्टिन हे नाव १८२५ साली आंरी ब्राकोनो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने दिलं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ गोठलेला, घट्ट झालेला. पेरूची जेली ज्याच्यामुळे जमते, तेच हे पेक्टिन. रेणू लांबलचक साखळीसारखा, गॅलॅक्ट्युरॉनिक आम्लाच्या शेकडो कड्यांचा. यातल्या बऱ्याच कड्यांवर ऋण विद्युतभार असतो, तर काही कड्यांवर मिथाइल गटाची टोपी चढलेली असते आणि तिथे तो भार झाकला जातो. ही टोपी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता कॅल्शियम. त्याच्या आयनावर, म्हणजे विद्युतभारित कणावर, दोन धन भार असतात, म्हणजे त्याला दोन हात आहेत असं म्हणू. एका हाताने तो एक साखळी धरतो, दुसऱ्याने शेजारची. असे शेकडो कॅल्शियम ओळीने बसले की दोन साखळ्या एकमेकींना घट्ट जखडतात. १९७३ साली मांडलेल्या प्रारूपात याला अंड्याच्या खोक्याची उपमा दिलेली आहे: साखळ्यांच्या वळणांमध्ये खाचे, आणि प्रत्येक खाच्यात अंड्यासारखा बसलेला कॅल्शियम. कोहळ्याचा पेठा करताना फोडी चुन्याच्या निवळीत का ठेवतात, ते इथे कळतं. चुन्यातलं कॅल्शियम फोडींच्या पेक्टिनला बांधून टाकतं, म्हणून त्या पाकात उकळूनही मोडत नाहीत. आमच्या हरभऱ्यांचा डब्यातल्या डब्यात असाच पेठा झाला होता.

पण कोरड्या डब्यात कॅल्शियम आलं कुठून? ते दाण्यातच होतं, फक्त बांधून ठेवलेलं. रोपाला लागणारा फॉस्फरस बीज फायटिक आम्लाच्या रूपात साठवतं. हा रेणू म्हणजे सहा खुंट्यांचं खुंटाळं, प्रत्येक खुंटीवर फॉस्फेटचा एक गट. या खुंट्यांना कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह, जस्त असे धातू लटकून राहतात. ताजा हरभरा शिजताना हे खुंटाळं भिंतीतलं कॅल्शियमही ओढून घेतं, त्यामुळे गारा सैल पडतो आणि दाणा लवकर मऊ होतो.

डबा उबदार आणि दमट जागी वर्ष-दोन वर्षं पडून राहिला की चित्र उलटतं. दाण्यात फायटेज नावाचं विकर असतं, विकर म्हणजे एन्झाइम. ओल आणि ऊब मिळाली की ते हळूहळू खुंटाळ्याच्या खुंट्या तोडायला लागतं. धातू मोकळे होतात, सरकत सरकत दोन पेशींमधल्या गाऱ्यापर्यंत पोचतात आणि पेक्टिनला जखडतात. त्याच वेळी दुसरं एक विकर पेक्टिनवरच्या मिथाइलच्या टोप्या काढत असतं. टोपी निघाली की भार उघडा पडतो, म्हणजे कॅल्शियमला धरायला आणखी एक जागा. शिवाय पाण्यात उकळताना पेक्टिनची साखळी तुटते ती मुख्यतः टोपी असलेल्या कडीपाशी. म्हणजे टोप्या गेल्या की बांधायच्या जागा वाढतात आणि तुटायच्या कमी होतात, दोन्हीकडून मार. यात सालीतली टॅनिनसारखी संयुगंही भर घालतात. जुने हरभरे आणि राजमा काळपट दिसतात ते त्यांच्यामुळेच.

आपल्याकडचा पावसाळा या सगळ्याला फार पोषक. नुसती उष्णता किंवा नुसती ओल एवढं नुकसान करत नाही, दोन्ही एकत्र आल्या की दाणा झपाट्याने म्हातारा होतो. कडक उन्हात वाळवून, झाकण घट्ट लावून, गॅसच्या शेगडीपासून लांब ठेवलेला डबा म्हणूनच टिकतो. कडुनिंबाचा पाला घातला तर तो किड्यांपुरता, या बदलावर त्याचा उपयोग नाही.

आता पाणी. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, हे मराठवाड्यात आणि विदर्भात कुणालाही सांगावं लागत नाही. ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही तेच हे पाणी, शाळेच्या पुस्तकातलं दुष्फेन. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळलेलं असतं, म्हणजे आपण बाहेरून आणखी गवंडी बोलावतो. आमच्याकडे उन्हाळ्यात बोअरचंच पाणी येतं. आरओचं पाणी नसेल तर साधं पाणी दहा-पंधरा मिनिटं खळखळ उकळावं, निवू द्यावं आणि वरचं हलक्या हाताने ओतून घ्यावं. बायकार्बोनेटच्या रूपातलं कॅल्शियम पांढऱ्या साक्यासारखं तळाला बसतं. सगळं जात नाही, पण फरक पडतो. "अल्कलाइन पाणी" देणारी महागडी यंत्रं विकणारे जे चमत्कार सांगतात, त्यांच्या नादी उसळीसाठी तरी लागू नये. जे काम चिमूटभर सोडा करतो, त्यासाठी हजारो रुपये मोजण्यात अर्थ नाही.

मीठ आधी घातलं की कडधान्य शिजत नाही, हा समज जवळपास प्रत्येक घरात आहे. माझ्या आजीचाही होता. प्रत्यक्षात भिजवतानाच मीठ घालावं, लिटरभर पाण्याला दोन चहाचे चमचे. सोडियमला एकच हात असतो. तो कॅल्शियमला खाच्यातून ढकलून स्वतः बसतो, पण दोन साखळ्या धरून ठेवू शकत नाही. रात्रभरात गारा पुष्कळ सैल होतो. सकाळी ते पाणी टाकून द्यायचं.

चिंच आणि आमसूल मात्र शिजल्यावरच, हे आजीचं म्हणणं अगदी बरोबर होतं. पेक्टिनची साखळी तुटण्याची ती क्रिया आंबट पाण्यात फारच मंदावते. गुळाचंही तसंच, त्यात साखर आहे आणि थोडं कॅल्शियमही. आजीला पेक्टिन माहीत होतं असा दावा करायचं कारण नाही. तिने हजार वेळा आमटी केली आणि हाताला कळलं. मिठाच्या बाबतीत हाताला चुकीचं कळलं. अनुभवाचं ज्ञान असं दोन्ही तऱ्हेचं असतं, म्हणून तपासून घ्यायचं.

खायच्या सोड्याने पाणी अल्कधर्मी होतं आणि पेक्टिन भराभर तुटतं. पण जास्त झाला तर उसळीला साबणासारखी चव येते आणि ब-१ जीवनसत्त्व नष्ट होतं. पाव चमच्याच्या पुढे जाऊ नये. कुकरची मदत तापमानाची: उघड्या पातेल्यात शंभर अंशांच्या वर पाणी जात नाही, कुकरमध्ये ते साधारण १२० अंशांपर्यंत पोचतं, आणि दर दहा अंशांना अशा क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. महाबळेश्वरला तर पाणी ९५-९६ अंशांवरच उकळतं, तिथे कुकरवाचून कडधान्य शिजवणं म्हणजे गॅस जाळणं.

राजम्याबद्दल एक गोष्ट काळजीने सांगतो. कच्च्या लाल राजम्यात लेक्टिन प्रकारचं एक प्रथिन असतं, त्याने उलट्या आणि जुलाब होतात. ते निकामी करायला भिजवलेला राजमा निदान दहा मिनिटं, खरं तर अर्धा तास, खळखळ उकळायला हवा. मंद आचेवर तासन् तास ठेवून तो अर्धवट शिजवणं धोक्याचं आहे. कचकचणारा राजमा "चालेल" म्हणून ताटात वाढू नका.

आणि काहीच जमलं नाही तर दळा. जुने हरभरे भाजून गिरणीतून आणले की तिथलं जातं पेशींच्या भिंतीच कापून टाकतं. गारा सुटायची वाट बघायला नको, पिष्ट थेट पाण्याला भेटतं. पिठलं दहा मिनिटांत होतं आणि उसळीला तास लागतो, यामागे हेच आहे. कांदा, लसूण, हिरवी मिरची, फोडणी आणि भाकरी, महिनाअखेरीला याहून स्वस्त आणि पोटभरीचं जेवण मला तरी माहीत नाही.

त्या दिवशी वहिनींना मी तीन वाट्या मागितल्या. एकीत हरभरे आणि बोअरचं पाणी, दुसरीत आरओचं पाणी आणि मीठ, तिसरीत आरओचं पाणी आणि चिमूटभर सोडा. रात्रभर भिजवले. सकाळी मिठाचं पाणी काढून तिथे साधं आरओचं घातलं, बाकीच्या वाट्यांत ज्याचं त्याचं पाणी बदललं, आणि तिन्ही डबे एकाच कुकरमध्ये, पहिल्या शिट्टीनंतर बारीक गॅसवर पंचवीस मिनिटं. पहिल्या डब्यातले पूर्वीसारखेच कचकचीत. तिसऱ्यातल्यांची सालं सुटून लगदा व्हायला आलेला. दुसऱ्यातला एक दाणा वहिनींनी अंगठ्याने दाबला, तो हलकेच पिचला आणि साल तशीच राहिली. डब्यातल्या उरलेल्या हरभऱ्यांची त्यांनी त्याच रीतीने उसळ केली, आणि एक वाटी काकूंकडेही गेली.

भिजवलेल्यांत तीन दाणे अजिबात न फुगलेले निघाले होते, अस्सल गणंग. पुतणीने नेलकटरने प्रत्येकाच्या सालीला बारीकशी चीर दिली आणि ते बशीत पाण्यात टाकले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बशी घेऊन मला उठवायला आली. तिन्ही टम्म फुगले होते.