तारण: गहाण पडण्याआधीची सोडवणूक

सोलापुरात बाजारपेठेतून चालत निघालं, की पतसंस्थांच्या पाट्यांवर ‘सोनेतारण कर्ज’ हमखास दिसतं. पाटल्या ठेवायच्या, पैसे उचलायचे, व्याज भरत राहायचं, जमेल तेव्हा सोडवून आणायच्या. रविवारी चर्चमध्ये हाच शब्द दुसऱ्या अर्थाने कानी पडतो: तारण, तारणारा, तारणप्राप्ती. हे दोन अर्थ मराठीत शेजारी नांदतात, आणि ख्रिस्ती धर्मशास्त्राला ते सोयीचंच आहे. नव्या करारात या सुटकेसाठी येणारा एक ग्रीक शब्द गुलामाला किंवा कैद्याला किंमत मोजून सोडवण्याचा. मराठी बायबलात इफिसकरांस पत्रात ‘खंडणी भरून मिळवलेली मुक्ती’ असं येतं. (खंडणी म्हटलं की आता पोलिसांच्या बातम्या आठवतात, त्याला इलाज नाही.)

पेत्राच्या पहिल्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात मात्र खरी मेख आहे. तुमची सुटका सोन्या-रुप्यासारख्या नाशवंत वस्तूंनी झालेली नाही, ती ख्रिस्ताच्या रक्ताने झाली. आणि तो जगाच्या स्थापनेपूर्वीच नेमलेला होता. म्हणजे पाटल्या गहाण पडायच्या आधी, किंबहुना त्या घडवायच्याही आधी, सोडवणुकीची रक्कम बाजूला काढून ठेवलेली. देवाच्या शाश्वत योजनेवरची श्रद्धा ती हीच. आदामाचं पाप झालं आणि मग देवाने घाईघाईने तोडगा काढला, असं ख्रिस्ती माणूस मानत नाही.

याची मुळं यहुदी आहेत. भाऊबंदाने अडचणीत विकलेली जमीन जवळच्या नातलगाने सोडवावी, असा नियम लेवीय पुस्तकाच्या 25व्या अध्यायात आहे. रूथच्या गोष्टीत बवाज नेमका तोच हक्क बजावतो, आणि तोही गावच्या वेशीत, दहा वडीलधाऱ्यांना साक्षीला बसवून. सातबाऱ्यावरच्या भांडणांत मुरलेल्या आपल्या माणसाला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. मिसरच्या गुलामगिरीतून सुटताना इस्राएल लोकांनी दाराच्या चौकटीला लावलेलं कोकराचं रक्त हा दुसरा धागा.

दुसऱ्या शतकात आयरेनियस या बिशपने हे धागे एकत्र विणले. सृष्टी करणारा देव वेगळा आणि तारणारा वेगळा, असं शिकवणारे पंथ तेव्हा जोरात होते. दोन्हीकडे एकच देव आणि त्याचा एकच बेत, हे त्याचं उत्तर. पुढे संत ऑगस्टिनने माणसाच्या इच्छेपेक्षा देवाच्या कृपेवर भर दिला आणि निवडीचा, म्हणजे कोणाला तारायचं हे देवानेच आधी ठरवलं का, हा वाद पेटला. नेदरलँड्समध्ये 1618-19ला भरलेल्या डॉर्टच्या चर्च परिषदेत तो शिगेला पोचला. तिथले मुद्दे इथे उगाळत नाही. सोलापूरच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो 1658चा सॅव्हॉय जाहीरनामा. इंग्लंडमधल्या काँग्रिगेशनल (प्रत्येक स्थानिक चर्चचा कारभार त्याच्याच हाती मानणाऱ्या) मंडळ्यांनी त्यात पिता आणि पुत्र यांच्यातला तारणाचा करार स्पष्ट नोंदवला.

कारण 1813मध्ये मुंबईत आलेलं अमेरिकन मिशन प्रामुख्याने याच परंपरेतलं. तेच पुढे अहमदनगरला आणि 1860च्या दशकात सोलापुरात पोचलं. त्यांच्या मूळ प्रांतात, अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडमध्ये, तोवर ही मतं बरीच मवाळ झाली होती. त्यांच्याही कितीतरी आधी, 1616मध्ये, फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ छापलं गेलं होतं. पहिल्या पुराणात सृष्टी, पतन आणि तारणाऱ्याची वाट पाहणं, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. योजना हा विषय ओवीत बसवायचा, तर पुराणाहून चांगला साचा कुठला? रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1895मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर हीच भक्ती अभंगात आणली. त्यांची पदं आजही मराठी चर्चमध्ये पेटी-तबल्यावर गायली जातात.

सिद्धरामेश्वरांच्या या गावात एक प्रश्न ठरलेला: ‘‘मग हे प्रारब्धच की!’’ प्रश्न रास्त आहे. पण प्रारब्ध म्हणजे आपल्याच आधीच्या कर्माचं भोगायला सुरू झालेलं फळ. रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायात पौल याकोब-एसाव या जुळ्या भावांचं उदाहरण देतो, ते नेमकं उलट टोकाचं: मुलं जन्मलीही नव्हती, बरं-वाईट काही केलं नव्हतं, तेव्हाची निवड. तिथे कर्माचा हिशेबच नाही. मग ज्यांची निवड झाली नाही त्यांचं काय, हा काटा उरतोच. मेथडिस्ट पंथाच्या जॉन वेस्लीच्या अनुयायांनी तो कॅल्व्हिनपंथीयांना, म्हणजे निवड देवाने आधीच केली असं मानणाऱ्यांना, सतत टोचला, आणि माझ्या मते टोचायलाच हवा होता.

गुड फ्रायडेला दुपारी वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर प्रवचनं होतात. सहावा उद्गार, ‘पूर्ण झालं आहे’, आला की त्यासाठीचा मूळ ग्रीक शब्द तेव्हा फिटलेल्या कर्जाच्या पावतीवर लिहीत असत, असं प्रवचनकार आवर्जून सांगतात. सोनेतारणाच्या गावात हा दाखला लगेच पटतो, पण त्याचा पुरावा कच्चा आहे. शब्दाचा साधा अर्थ ‘तडीस गेलं’ एवढाच, आणि जगाच्या आधी ठरलेल्या बेताबद्दल बोलताना तेवढा पुरतो.