दुधाच्या पिशवीवरचे पन्नास पैसे : पॅकेजिंग नियमांची पार्श्वभूमी

आपल्याकडे पॅकेजिंगवरच्या निर्बंधांचा विषय निघाला की चर्चा मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, आकड्यांत अडकते. १९९९ च्या केंद्रीय नियमांत पिशवीची किमान जाडी २० मायक्रॉन होती. २०११ मध्ये ती ४० झाली, २०१६ मध्ये ५०, २०२१ च्या सप्टेंबरअखेर ७५ आणि २०२२ सरता सरता १२०. यामागचा हिशेब साधा होता. पातळ पिशव्या पोतंभर गोळा केल्या तरी काट्यावर वजन भरत नाही, म्हणून कचरावेचक त्यांच्याकडे बघत नाहीत. जाड पिशवीला वजन येते, शिवाय ती फुकट वाटणे दुकानदाराला परवडत नाही. हिशेब बरोबर असला तरी तो होता फक्त पिशवीचा. बिस्किटाचा पुडा, शांपूची पुडी, वेफर्सचे पाकीट यांना जाडीची अट एक तर लागू नव्हती, नाहीतर पळवाटेसह लागू होती.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर २००५ मधल्या २६ जुलैच्या मुंबईतल्या पुरानंतर नाल्यांत तुंबलेल्या पिशव्यांवर बोट ठेवले गेले आणि २००६ मध्ये राज्याने अविघटनशील कचऱ्याचा स्वतंत्र कायदा केला. पिशवीसाठी ५० मायक्रॉनची अटही राज्याने त्याच सुमारास घातली, म्हणजे केंद्राच्या दहा वर्षे आधी. अंमलबजावणी कशी झाली ते प्रत्येकाने आपापल्या भाजीवाल्याकडे पाहिलेच आहे. त्याहीआधी, १९८७ मध्ये, देशात पॅकेजिंगचा एक सक्तीचा कायदा झाला होता. धान्य आणि साखर तागाच्या पोत्यांत भरण्याबद्दलचा हा कायदा तागाच्या गिरण्या आणि शेतकरी जगवण्यासाठी होता, त्यात कचऱ्याचा विचार नव्हता. तरीही प्लास्टिकच्या गोणीला कायद्याने दिलेला तो पहिला मोठा अडथळा. साखर कारखाने आजही त्यातल्या २० टक्के तागाच्या अटीवर कुरकुर करतात.

खरी गुंतागुंत सुरू होते २०१८ पासून. २३ मार्च २०१८ ची राज्याची अधिसूचना लोकांच्या लक्षात आहे ती बंदी म्हणून. हँडल असलेल्या-नसलेल्या पिशव्या, थर्माकोलची ताटे, प्लास्टिकचे चमचे-पेले सगळे बंद झाले. पहिल्या वेळी पाच हजार रुपये दंड, दुसऱ्या वेळी दहा, तिसऱ्या वेळी पंचवीस हजार आणि तीन महिन्यांची कैद. उत्पादक न्यायालयात गेले, पण स्थगिती मिळाली नाही. घरातला साठा काढून टाकायला तीन महिन्यांची मुदत मिळाली आणि २३ जूनपासून निळ्या जाकिटातले पथक बाजारात फिरू लागले. आठवडाभरातच किराणा दुकानदारांना सवलत द्यावी लागली. डाळ, साखर, रवा सुटा विकणाऱ्याने तो बांधायचा कशात, या प्रश्नाला अधिसूचना लिहिणाऱ्यांकडे उत्तर नव्हते. अटी घालून ५० मायक्रॉनपेक्षा जाड पॅकिंग चालेल असे ठरले आणि बंदीची धार तिथेच बोथट झाली.

या गदारोळात त्याच अधिसूचनेतली दुसरी तरतूद मागे पडली. या टिपणाच्या दृष्टीने तीच अधिक महत्त्वाची. दुधाची पिशवी आणि पाण्याची बाटली यांच्यावर बंदी नव्हती. त्यांच्यावर परतीची किंमत छापायची होती. दुधाच्या पिशवीला किमान ५० पैसे, मोठ्या बाटलीला एक रुपया, लहान बाटलीला दोन. लहान बाटली जास्त फेकली जाते, म्हणून तिची किंमत जास्त. दंडाची भीती घालण्याऐवजी कचऱ्यालाच किंमत द्यायची, हा विचार राज्याच्या कायद्यात पहिल्यांदा इतक्या स्पष्टपणे आला. आणि तोच सगळ्यात आधी विरला.

विरला कसा, हे समजायला एक घोळ सोडवावा लागतो. अधिसूचनेतली कल्पना पुनर्खरेदीची होती. उत्पादकाने आपली पिशवी ५० पैशांना परत घ्यायची, म्हणजे पैसे त्याच्या खिशातून जाणार. २०१९ च्या जूनमध्ये विधिमंडळात जे सांगितले गेले ते वेगळे होते. ग्राहकाने दूध घेताना ५० पैसे जास्त द्यायचे आणि पिशवी परत केली की ते परत घ्यायचे. ही झाली अनामत. पहिल्यात बोजा डेअरीवर, दुसऱ्यात आधी ग्राहकावर, आणि पिशवी परत आलीच नाही तर ते ५० पैसे कोणाकडे राहणार हा प्रश्न उघडाच. वर्तमानपत्रांनी, अधिकाऱ्यांनी आणि डेअरीवाल्यांनी दोन्ही शब्द सोयीप्रमाणे वापरले. डेअऱ्या एकीवर आक्षेप घेत, तर उत्तर दुसरीच्या बाजूने येई. महिन्याभरात योजना लागू होईल असे त्या वेळी सभागृहात सांगण्यात आले होते. ती लागू झाली नाही.

सभागृहात दिलेला आकडा मात्र उपयोगी आहे. राज्यात दिवसाला एक कोटी दुधाच्या पिशव्या, आणि त्यांचा ३१ टन कचरा. म्हणजे एक पिशवी साधारण तीन ग्रॅमची, किलोत तीनशे-सव्वातीनशे. पिशवीमागे ५० पैसे धरले तर किलोला दीडशे रुपयांच्या वर जातात. भंगारवाला दुधाच्या पिशव्यांना जो दर देतो तो याच्या आसपासही नाही. सगळे इंगित या तफावतीत आहे. ५० पैसे ऐकायला क्षुल्लक, पण किलोच्या हिशेबात एवढे मोठे, की पिशवी जमा करणे हा पोटापाण्याचा धंदा व्हावा. आणि एवढे मोठे, की शेजारच्या राज्यात विकलेल्या पिशव्याही इथे परतीला याव्यात. डेअऱ्यांना भीती याचीच होती आणि ती अगदीच खोटी म्हणता येत नाही. गुजरात-कर्नाटकातून येणारे दूध, पहाटे दारात पिशवी टाकून जाणारा पोऱ्या, आंबूस वास मारणाऱ्या रिकाम्या पिशव्या साठवायला जागा नसलेला दुकानदार, ५० पैशांचे नाणे घ्यायला कोणी तयार नसलेला बाजार. नाणे कायद्याने चलनात आहे, हातात मात्र दिसत नाही. अडचणी खऱ्याच होत्या. पुरवठा बंद पडेल असे इशारेही दिले गेले. राज्यात दूध संघांचे वजन किती आणि ते कोणाच्या ताब्यात, हे इथे सांगायला नको.

आणखी एक आक्षेप होता, तो अधिक नेमका. दुधाची पिशवी हा मुळात रस्त्यावर पडून राहणारा कचराच नव्हे. घरोघरी ती धुऊन, वाळवून, गठ्ठा करून रद्दीवाल्याला जाते. कात्रीने कापलेला कोपरा तेवढा वेगळा होऊन गटारात जातो, म्हणून तो पूर्ण न कापता पिशवीला लटकत ठेवा, असे सांगणाऱ्या मोहिमाही निघाल्या. मग ज्या वस्तूला आधीच गिऱ्हाईक आहे तिच्यावर अनामत, आणि जिला कुणी हात लावत नाही त्या गुटख्या-वेफर्सच्या पाकिटाला काहीच नाही, हे कसे? आक्षेप योग्य होता. पण त्यावरचा उपाय दुधाची पिशवी वगळणे हा नव्हता, पाकिटाला यादीत घेणे हा होता. तो विचार राज्यात पुढे गेला नाही. बाटल्यांवर बारीक अक्षरांत 'बाय बॅक'ची ओळ आली, रेल्वे स्थानकांवर बाटल्या चुरडणारी यंत्रे होती ती आणखी वाढली, आणि दुकानात रिकामी बाटली ठेवून एक रुपया मागणारा ग्राहक काही दिसला नाही.

अनामत ही बाहेरून आलेली कल्पना असल्यासारखे तेव्हा बोलले गेले. जर्मनीत एकदा वापरायच्या बाटल्या-डब्यांवर २००३ पासून २५ सेंटची अनामत आहे, याचे दाखले दिले गेले. पण मुंबईत आरेचे दूध काचेच्या बाटलीत येत होते तोवर रिकामी द्यायची आणि भरलेली घ्यायची हाच रिवाज होता. सोड्याच्या आणि थंड पेयांच्या बाटल्यांचा क्रेट अनामत ठेवल्याशिवाय लग्नघरी जात नसे. बिअरची बाटली भंगारातून धुण्याच्या कारखान्यात आणि तिथून पुन्हा भरायला जाते, हे आजही चालू आहे. प्लास्टिक स्वस्त झाल्यावर परतीची साखळी तुटली. कायद्याने ती तोडली नव्हती, आणि कायदा ती पुन्हा जोडायला गेला तेव्हा वाटेतल्या दुकानदाराला त्यातून काय मिळणार हे त्याने लिहिलेच नाही. पूर्वी तोच दुकानदार क्रेट सांभाळत असे, कारण पुढचा माल त्याशिवाय मिळत नसे.

आता केंद्राकडे. राज्याची अधिसूचना निघाली त्याच आठवड्यात दिल्लीतही एक दुरुस्ती झाली आणि तिच्याकडे इथे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. २०१६ च्या केंद्रीय नियमांत म्हटले होते की पुनर्चक्रण होऊ न शकणारे बहुस्तरीय प्लास्टिक, म्हणजे आतून चंदेरी, बाहेरून रंगीत अशी पाकिटे, दोन वर्षांत हद्दपार करायची. ती दोन वर्षे २०१८ च्या मार्चच्या मध्याला भरत होती. २७ मार्चला नियमात दोन पुस्त्या जोडल्या गेल्या : जे पुनर्चक्रित होत नाही, किंवा ज्यापासून ऊर्जा मिळत नाही, किंवा ज्याचा दुसरा कसलाही उपयोग नाही, तेच हद्दपार. सिमेंटच्या भट्टीत ही पाकिटे कोळशासोबत जळतात, म्हणजे ऊर्जा मिळते. रस्त्याच्या डांबरात मिसळता येतात, म्हणजे उपयोग आहे. मग हद्दपार करण्याजोगे पाकीट उरले कोणते? शब्दशः वाचले तर 'किंवा'मुळे अट कडक व्हायला हवी होती, कारण पुनर्चक्रण होत नसले एवढेच कारण पुरेसे ठरते. प्रत्यक्षात तिन्ही गोष्टी एकाच वेळी नसतील तरच बंदी, असे ती राबवली गेली. राज्यात चमच्यांवर बंदी येत होती त्या दिवसांत देशातला सर्वांत अवघड कचरा असा सुटला. २०२२ च्या १ जुलैपासून केंद्राने एकदाच वापरायच्या वस्तूंची बंदी आणली, तिच्यातही काड्या, चमचे, मिठाईच्या खोक्यावरची फिल्म आहे, पाकिटे नाहीत.

त्यानंतरचा सगळा भर उत्पादकाच्या विस्तारित जबाबदारीवर, म्हणजे ईपीआरवर. ही कल्पना २०११ च्या नियमांत ओझरती होती, २०१६ मध्ये नीट आली, पण तिला आकडे मिळाले ते फेब्रुवारी २०२२ मध्ये. कडक, लवचिक, बहुस्तरीय आणि कंपोस्ट होणारे, अशा चार गटांत पॅकेजिंगची विभागणी झाली. जेवढे बाजारात आणले तेवढ्याची जबाबदारी २०२३-२४ पर्यंत पूर्ण १०० टक्के. पुनर्चक्रणाचे किमान प्रमाण कडक प्लास्टिकसाठी २०२४-२५ मध्ये ५० टक्के, ते २०२७-२८ पर्यंत ८०. बहुस्तरीयसाठी ३० पासून ६०. कंपनीने स्वतः कचरा उचलायची गरज नाही, पुनर्चक्रण करणाऱ्याकडून प्रमाणपत्र विकत घेतले की झाले. व्यापार सुरू होऊन फार काळ लोटला नव्हता तोच २०२३ मध्ये महाराष्ट्र, गुजरात आणि कर्नाटकातल्या चार पुनर्चक्रण उद्योगांच्या तपासणीत सुमारे सहा लाख खोटी प्रमाणपत्रे सापडली. माल आलाच नाही, वितळलाच नाही, कागद मात्र विकला गेला. दुधाच्या पिशवीच्या योजनेत निदान पिशवी कोणाच्या तरी हातात यावी लागत होती.

खाद्यपदार्थांच्या पॅकेजिंगचा तिढा वेगळा. २०१८ च्या अन्नसुरक्षेच्या नियमांनी अन्नाला लागणाऱ्या वेष्टनात पुनर्चक्रित प्लास्टिक वापरायला मनाई केली होती. २०२२ मध्ये ती सैल झाली, आणि त्याच वर्षी दुसऱ्या खात्याने सांगितले की २०२५-२६ पासून कडक पॅकेजिंगमध्ये ३० टक्के पुनर्चक्रित माल हवाच, २०२८-२९ पर्यंत ६० टक्के. बाटलीचे प्लास्टिक पुन्हा बाटलीत जायचे तर ते स्वच्छ आणि वेगळे गोळा व्हावे लागते. मिश्र कचऱ्याच्या ढिगातून आलेली बाटली बहुधा कापडाच्या धाग्यातच जाते. अनामत योजनांचा विषय पुन्हा निघाला तो या गरजेतून. गोव्याने २०२४ मध्ये अनामत-परतीची योजना अधिसूचित केली आणि तिथेही उत्पादकांनी विरोध केला, कारण एका लहान राज्यासाठी वेगळे लेबल छापणे त्यांना नको होते. तमिळनाडूत निलगिरीच्या डोंगरी भागात २०२२ मध्ये दारूच्या बाटलीमागे दहा रुपये जास्त घेऊन ते परतीला देण्याची पद्धत सुरू झाली. त्यामागे न्यायालयाचा रेटा होता आणि दुकाने सरकारीच होती. दुकानदाराची समजूत घालायचा प्रश्नच तिथे आला नाही.

राहिला पुनर्वापर. त्याची सक्तीही याच २०२२ च्या आराखड्यात आहे, पण फक्त कडक पॅकेजिंगला. ०.९ लिटरपासून ४.९ लिटरपर्यंतच्या डब्यांना २०२५-२६ मध्ये १० टक्के, २०२८-२९ पर्यंत २५. त्याहून मोठ्यांना सुरुवातीलाच ७० टक्के, पुढे ८५. मोठ्या गटातला वीस लिटरचा पाण्याचा जार नियमाआधीपासूनच परत जात होता, त्यामुळे पाणीवाल्यांना या अटीने नवे काही करायला लावले नाही. अडचण झाली रंग आणि वंगण तेलवाल्यांची. रंगाची वीस लिटरची बादली रंगारी किंवा घरमालक ठेवून घेतो आणि ती पुढची दहा वर्षे न्हाणीघरात किंवा बांधकामावर राबते. नियमाच्या हिशेबात मात्र हा पुनर्वापर धरला जात नाही, तिथे बादली कंपनीने परत घेऊन पुन्हा भरलेली लागते.