थॅडियस स्टीव्हन्स: चौदाव्या घटनादुरुस्तीमागचा वकील

अमेरिकेत जन्मलेल्या मुलाला नागरिकत्व द्यायचं का यावर वाद पेटला की तिथे जन्मलेल्याला नागरिक मानणारी चौदावी घटनादुरुस्ती निघतेच, पण ती काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, रेटणाऱ्या थॅडियस स्टीव्हन्सचं नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही, आणि ते घ्यायला हवं.

जन्म 1792 चा, व्हरमाँटमधला. पाय जन्मतःच अधू, बाप घर सोडून गेलेला, आईने कष्ट करून शिकवलं. मग पेनसिल्व्हेनियात गेटिसबर्गला वकिली.

1821 ची एक केस मला फार महत्त्वाची वाटते. चॅरिटी बटलर नावाच्या गुलाम बाईचं म्हणणं होतं की या राज्यात सहा महिने ठेवलं की गुलाम मोकळा होतो आणि मालकांबरोबर येऊन-जाऊन माझे तेवढे दिवस भरलेत. स्टीव्हन्स मालकाकडून उभा राहिला, तुटक दिवसांची बेरीज चालणार नाही हे कोर्टाने मान्य केलं, तो जिंकला आणि ती गुलामच राहिली.

याच माणसाने पुढे पळून आलेल्या गुलामांच्या केसेस फुकट लढवल्या. 1835 मध्ये राज्यातल्या मोफत शाळांचा कायदा रद्द व्हायला आला होता, तो याच्या भाषणाने वाचला. 1838 ला राज्याच्या नव्या घटनेत काळ्यांचा मताधिकार काढला म्हणून त्याने सहीच केली नाही! 1851 मध्ये क्रिस्टियाना गावात गुलाम पकडायला आलेला मालक मारला गेला, देशद्रोहाचा खटला झाला, तेव्हाही आरोपीच्या वकिलांत हा होता आणि आरोपी सुटला.

गुलामगिरीवरून उत्तर आणि दक्षिणेत पेटलेल्या यादवी युद्धात काँग्रेसची पैशांची कमिटी त्याच्याकडे होती. तो दक्षिणेचा कट्टर विरोधक, म्हणून दक्षिणेच्या सैन्याने 1863 मध्ये त्याचा लोखंडाचा कारखाना मुद्दाम जाळला, तरी तो मागे हटला नाही.

1866 ला चौदावी दुरुस्ती सभागृहात त्यानेच मांडली. ती त्याला अपुरी वाटत होती, तरी मी देवदूतांत नाही, माणसांत राहतो म्हणून स्वीकारतो असं तो उघड बोलला. जुलै 1868 मध्ये ती लागू झाली, ऑगस्टमध्ये तो गेला.

त्याची खरी मागणी जमिनीची होती. दक्षिणेतल्या बड्या जमीनदारांच्या जमिनी जप्त करून गुलामगिरीतून मुक्त झालेल्यांना 40-40 एकर द्या, असं तो 1865 पासून सांगत होता. स्वतःच्या रिपब्लिकन पक्षानेही साथ दिली नाही, आणि ते लोक जुन्या मालकांच्याच शेतात वाट्याने राबत राहिले.