धूळ ओढणारा घासायचा ठोकळा घरीच बनवा

पॉलिश पेपर न्यायला येणारे बरेच ग्राहक जाताजाता मास्कही मागतात. मास्क लावाच. पण बारीक धूळ एकदा हवेत उडाली की बराच वेळ तरंगत राहते, आणि काम संपवून मास्क काढला की तीच नाकात जाते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं, मुख्यतः नाकाच्या कर्करोगामुळे. एमडीएफची, म्हणजे लाकडाचे तंतू राळेने दाबून बनवलेल्या फळीची धूळ तर पिठासारखी बारीक, वर त्यात राळ. म्हणून धूळ जिथे तयार होते तिथेच, पेपरखालीच ओढून घ्यायची.

घासायची मशीन विकणं हा आमचा धंदा, तरी सांगतो: कधीमधी स्टूल किंवा शेल्फ बनवणाऱ्याने आधी हा ठोकळा करून पाहावा. व्हॅक्यूम क्लीनर घरात असेल, तर बाकी सामान म्हणजे १२ मिमी प्लायचे तुकडे.

१२५ मिमीची, आठ भोकांची वेल्क्रो डिस्क, म्हणजे पाठीला वेल्क्रो असलेली पॉलिश पेपरची गोल चकती घ्या. हीच तुमचा फर्मा. १२५ मिमी चौरस प्लायवर ती ठेवून पेन्सिलने भोकं आखा आणि १० मिमीच्या ड्रिलने आरपार पाडा. आणखी भोकं पाडायचा मोह होतो, पण आवरा. आठ भोकांचं एकूण क्षेत्रफळ व्हॅक्यूमची नळी जोडायच्या ३२ मिमी पाइपच्या तोंडापेक्षा थोडं कमी भरतं. ते वाढलं की प्रत्येक भोकाची ओढ मंदावते.

या तळावर चारही बाजूंनी ४५ मिमी उंचीच्या पट्ट्या फेविकॉलने उभ्या करा. मागच्या पट्टीत पाइपसाठी भोक ठेवा. वर झाकण, झाकणावर जुन्या ड्रॉवरची मूठ. झाकण लावण्याआधी आतले सगळे सांधे बोटाने फेविकॉल फिरवून बुजवा, कारण जिथून हवा गळते तिथून ओढ गेली. पाइप आणताना व्हॅक्यूमच्या नळीचं टोक सोबत आणा, डोळ्यांनी अंदाज चुकतो. थोडी फट राहिली तर इन्सुलेशन टेप गुंडाळा.

डिस्क चिकटावी म्हणून तळाला वेल्क्रोची आकड्यांची बाजू लावायची. मागे गोंद असलेली तयार पट्टी घासण्याच्या उष्णतेने सुटते, म्हणून साध्या वेल्क्रोला रबर सोल्यूशन लावा, दोन्हीकडे, आणि सुकत आल्यावर दाबा. भोकांवरचं वेल्क्रो कटरने कापा. तळ सपाट हवा. काचेवर ठेवून डुगडुगतो का पाहा.

पहिल्यांदा चालू केलात की ठोकळा फळीला चिकटून बसेल, हलणारच नाही. घाबरू नका. झाकणात ६ मिमीचं एक भोक पाडा आणि त्यावर टेप अर्धवट सरकवून ओढ कमी-जास्त करा.

व्हॅक्यूमचा फिल्टर लवकर चोंदतो. ठोकळा आणि व्हॅक्यूमच्या मध्ये डिस्टेंपरची २० लिटरची झाकणाची बादली घातलीत तर जाड भुसा तिथेच पडतो. येणारा पाइप बादलीच्या भिंतीला लागून वळवा, म्हणजे हवा गोल फिरते. जाणारा पाइप झाकणाच्या मध्यात, आखूड ठेवा. बारीक धूळ मात्र फिल्टरपर्यंत जातेच. नळी तुंबली तर पातळ बादली आत चेपते, तेव्हा बंद करून आधी नळी मोकळी करा. घरगुती व्हॅक्यूमची मोटर बहुधा त्याच हवेने थंड होते, हवा अडली की ती तापते.

लोखंड घासायला हा ठोकळा वापरू नका: ठिणगी भुशात गेली की आग. जवसाच्या तेलाचं पॉलिश घासलेली धूळही त्याच दिवशी बाहेर, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात काढा, ती आपोआप तापू शकते.

८०, १२०, १८० आणि २२० नंबरच्या आठ भोकांच्या डिस्क आमच्याकडे सुट्या मिळतात. जाळीच्या डिस्कही आहेत, त्यांना भोकं जुळवायची कटकट नाही, पण जरा महाग.