आरसी विमान उडवायचे आहे? नोंदणी, पात्रता, कागदपत्रे आणि मैदानाची परवानगी

आरसी (रेडिओ कंट्रोल), म्हणजे रिमोटवर उडणारे छोटे विमान घेताना बहुतेकांचा एक समज असतो: कायदा ड्रोनसाठी आहे, आपले तर साधे पंखांचे विमान आहे. भारतात हा समज चुकीचा ठरतो. २५ ऑगस्ट २०२१ रोजी अधिसूचित झालेले ‘ड्रोन नियम, २०२१’ वैमानिक आत न बसता उडणाऱ्या ५०० किलोपर्यंतच्या सगळ्या यंत्रांना लागू आहेत. लष्कर, नौदल आणि हवाई दल वापरतात तेवढी यंत्रे त्यातून वगळली आहेत. या नियमांत स्थिर पंखांचे विमान, रोटरवर उडणारे आणि दोन्हींचे मिश्रण असे तीन गट केले आहेत. म्हणजे फोमचे ट्रेनर (शिकाऊ) विमान, बाल्सा या हलक्या लाकडाचे ग्लायडर आणि चार पंख्यांचा कॅमेरा ड्रोन हे सगळे एकाच नियमावलीखाली येतात.

दिलासा असा की हौशी माणसाचा विचार याच नियमांत केलेला आहे. ‘मॉडेल’ नावाचा एक वेगळा वर्ग त्यात दिला आहे आणि त्यात बसलात तर कागदपत्रांचे ओझे बरेच हलके होते.

‘मॉडेल’ कशाला म्हणतात

अटी तीन आहेत आणि तिन्ही एकाच वेळी पाळाव्या लागतात. बॅटरी किंवा इंधनासह उडतानाचे एकूण वजन २५ किलोपेक्षा जास्त नसावे. वापर फक्त शिक्षण, संशोधन, रचना, चाचणी किंवा विरंगुळा यांसाठी असावा. आणि विमान उडवणाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात राहावे.

तिसऱ्या अटीकडे नवशिके सर्वांत कमी लक्ष देतात. विमान दूर ठिपक्याएवढे झाले, ते येतेय की जातेय हे कळेनासे झाले, की ते नजरेच्या टप्प्यात राहिले असे म्हणता येत नाही. डोळ्यांवर गॉगल चढवून विमानावरच्या कॅमेऱ्यातून पाहत उडवणे आज अनेकांना खुणावते, पण तेव्हा तुमची नजर विमानावर नसून पडद्यावर असते. सुरुवात त्याने करू नये. दुसऱ्या अटीचेही भान ठेवावे. शेजारच्या गावातल्या लग्नात पैसे घेऊन वरून चित्रण करून दिले, तर तो विरंगुळा राहत नाही आणि मॉडेलची सवलतही उरत नाही.

आधी वजनकाटा, मग खरेदी

पुढचे जवळजवळ सगळे वजनावर ठरते. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो, आणि २ किलोच्या वर २५ किलोपर्यंत स्मॉल. मध्यम आणि मोठ्या वर्गाशी हौशी माणसाचा संबंध येत नाही.

वजन म्हणजे रिकाम्या सांगाड्याचे नव्हे. मोटर, तिचा वेग ठरवणारी ईएससी, पंख-शेपटीच्या झडपा हलवणारे सर्वो, रिमोटचे संकेत पकडणारा रिसीव्हर, प्रॉप म्हणजे पंखा, चाके आणि लिपो बॅटरी असे सगळे बसवून विमान काट्यावर ठेवायचे. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा यासाठी पुरतो. खोक्यावर छापलेले वजन अनेकदा बॅटरीशिवायचे असते, म्हणून त्यावर विसंबू नये.

माझे स्पष्ट मत आहे की पहिले विमान मायक्रो वर्गातलेच घ्यावे. साधारण सव्वा मीटर पंखविस्ताराचे, पंख वर बसवलेले, मागे ढकलणारा किंवा पुढे ओढणारा एकच ब्रशलेस मोटर असलेले फोमचे ट्रेनर सहज दीड किलोच्या आत बसते. ते सावकाश उडते, आपटले तरी गरम गोंदाने जोडता येते, आणि कायद्याच्या दृष्टीनेही हाच सर्वांत सोपा वर्ग आहे. कारण बिगर-व्यावसायिक वापरासाठी २ किलोपर्यंतच्या यंत्राला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही. नॅनोलाही लागत नाही.

२ किलोच्या वर गेलात की चित्र बदलते. ग्लो इंजिनवर (इंधनाच्या छोट्या इंजिनावर) चालणारे मोठे बाल्साचे विमान किंवा जुन्या लढाऊ विमानाची भरभक्कम प्रतिकृती स्मॉल वर्गात जाते. हौसेसाठी उडवत असलात तरी प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्यासाठी वय १८ ते ६५, दहावी उत्तीर्ण आणि डीजीसीएने (नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयाने) अधिकृत केलेल्या प्रशिक्षण संस्थेतून प्रशिक्षण पूर्ण, अशी पात्रता आहे. प्रमाणपत्राची सरकारी फी १०० रुपये आहे आणि ते १० वर्षे चालते. खरा खर्च प्रशिक्षणाचा असतो. पूर्वी यासाठी पासपोर्ट सक्तीचा होता आणि ग्रामीण भागातली बरीच मुले तिथेच अडत. २०२३ च्या दुरुस्तीने ती सक्ती गेली. आता मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड किंवा ड्रायव्हिंग लायसन्स असा सरकारी ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा चालतो.

टाइप सर्टिफिकेट नको, नोंदणी हवी

या दोन गोष्टींची गल्लत फार होते. टाइप सर्टिफिकेट म्हणजे त्या बनावटीच्या यंत्राला मिळालेली मान्यता. ती मॉडेल आणि नॅनो यांना लागत नाही. त्यामुळे घरी कोरोप्लास्टचे (पोकळ प्लास्टिकशीटचे) किंवा फोमशीट कापून बनवलेले विमानही नियमांत बसते. ही सवलत नसती तर हातांनी विमान बनवण्याचा छंद कागदोपत्री संपलाच असता.

नोंदणी मात्र वेगळी बाब आहे. टाइप सर्टिफिकेटची सूट मिळाली म्हणजे नोंदणीचीही सूट मिळाली, असे होत नाही. मायक्रो वर्गातले विमान उडवण्याआधी त्याचा विशिष्ट ओळख क्रमांक, म्हणजे यूआयएन, घ्यायचा असतो. अर्जाचा नमुना डी-२ आहे आणि फी १०० रुपये. नियमांत या कामासाठी ‘डिजिटल स्काय’ हा मंच नेमलेला आहे. सरकारी सेवा एका पोर्टलवरून दुसऱ्यावर हलवल्या जातात, म्हणून अर्जाची लिंक डीजीसीएच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उघडावी. शोधयंत्रात वर दिसणाऱ्या, ‘नोंदणी करून देतो’ म्हणणाऱ्या खासगी पानांवर १०० रुपयांच्या कामाचे कितीतरी पट पैसे घेतले जातात.

अर्जाला बसण्याआधी नाव, पत्ता, मोबाइल, ईमेल आणि ओळखीचा पुरावा तयार ठेवा. त्यासोबत विमानाची माहिती हवी: गट, वर्ग, वजन, बनवणाऱ्याचे नाव आणि अनुक्रमांक. खरेदीचे जीएसटी बिल जपून ठेवा. अर्जात कामी आले नाही तरी विम्याच्या वेळी येते.

नवशिके अडतात ते अनुक्रमांकांवर. यूआयएन हा यंत्राच्या अनुक्रमांकाशी, तसेच फ्लाइट कंट्रोल मॉड्यूल (विमानातला नियंत्रणाचा बोर्ड) आणि रिमोट स्टेशन यांच्या अनुक्रमांकांशी जोडलेला असतो. आपल्या भाषेत रिमोट स्टेशन म्हणजे हातातला ट्रान्समीटर. हे आकडे ट्रान्समीटरच्या मागे, बॅटरीच्या खणात किंवा आतल्या बोर्डवर बारीक अक्षरांत असतात. सगळे फोमच्या पोटात चिकटवण्याआधी त्यांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. पुढे ट्रान्समीटर बदलला तर नवा क्रमांक बदलाच्या ७ दिवसांत मंचावर नोंदवायचा असतो. एका ट्रान्समीटरवर पाच विमाने उडवणाऱ्याने ही गोष्ट वहीत लिहूनच ठेवावी.

क्रमांक मिळाला की तो विमानावर ठळक आणि न पुसला जाईल असा लावावा. विमान उसाच्या फडात उतरले आणि दोन दिवसांनी कुणाला सापडले, तर मालक कोण हे त्यावरूनच कळते. शेजारी मोबाइल क्रमांक लिहिला तर आणखी चांगले.

शाळकरी मुलांच्या पालकांना सुचवेन की नोंदणी स्वतःच्या नावावर करावी आणि मूल उडवत असताना शेजारी उभे राहावे, कारण काही घडले तर जबाबदारी मोठ्यांवरच येते. एनसीसीच्या एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंग शिकवले जाते. ज्या शाळा-महाविद्यालयात ही विंग आहे तिथल्या मुलांनी तो रस्ता जरूर पाहावा. मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांना संशोधन आणि विकासाच्या कामासाठी यूआयएन, टाइप सर्टिफिकेट आणि पायलट प्रमाणपत्र या तिन्हींतून सूट आहे, पण उड्डाण ग्रीन झोनमध्ये (नकाशावरच्या मोकळ्या हवेत, त्याबद्दल पुढे) आणि संस्थेच्या ताब्यातल्या जागेतच व्हायला हवे. अभियांत्रिकीच्या मुलांनी प्राध्यापकांकडून तसे पत्र घेऊन ठेवावे.

नकाशा पाहिल्याशिवाय मैदान ठरवू नका

डिजिटल स्कायवर देशाचा हवाई नकाशा आहे. ग्रीन झोनमध्ये जमिनीपासून ४०० फूट, म्हणजे १२० मीटरपर्यंत उडवायला आगाऊ परवानगी लागत नाही. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट आहे. त्यावरची आणि विमानतळाला लागून असलेली हवा यलो झोनमध्ये येते. तिथे हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी हवी. रेड झोनमध्ये केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय काहीही उडवता येत नाही.

महाराष्ट्रात हा नकाशा पाहणे अगदी गरजेचे आहे. पुण्यात एका बाजूला लोहगावचा हवाई तळ आणि दुसऱ्या बाजूला खडकवासल्याची लष्करी प्रबोधिनी एनडीए आहे. नाशिकला देवळालीचे तोफखाना केंद्र आणि ओझरची धावपट्टी आहे. मुंबईत सांताक्रूझ व जुहूचे विमानतळ आणि तुर्भ्याचे (ट्रॉम्बे) अणुसंशोधन केंद्र यांमुळे मोकळी हवा जवळपास उरतच नाही, त्यात आता नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे. गोव्यात दाबोळी हा नौदलाचा तळ आहे आणि उत्तरेला मोपाचा विमानतळ. शहरातल्या माणसाने तास-दीड तास बाहेर जायची तयारी ठेवलेली बरी.

नकाशा हिरवा असला तरी त्या दिवशीचा आदेश वेगळा असू शकतो. पोलीस अधीक्षक किंवा त्या दर्जाचा अधिकारी एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरता रेड झोन जाहीर करू शकतो. शिवाय मुंबई पोलीस वेळोवेळी बंदी आदेश काढतात आणि त्यांत ड्रोनबरोबर रिमोटवर चालणाऱ्या हलक्या विमानांचा, पॅराग्लायडरचा थेट उल्लेख असतो. सणासुदीला, निवडणुकीत किंवा मोठ्या नेत्याचा दौरा असताना जवळच्या पोलीस ठाण्यात फोन करून विचारायला लाज वाटू देऊ नये.

हवा सरकारची, पण जमीन कुणाची तरी असते. रब्बी निघाल्यावर मार्चपासून मोकळी पडलेली रानं शिकाऊ माणसासाठी उत्तम. उभा ऊस आणि द्राक्षबागांच्या तारा टाळाव्यात. मालक कोण हे सातबाऱ्यावरून पाहता येते. गायरान असेल तर ग्रामपंचायतीला साधा अर्ज द्यावा आणि पोलीस पाटलांना सांगून ठेवावे. मजकूर असा पुरेसा आहे:

“मी हौस म्हणून रिमोटवर चालणारे छोटे विमान उडवतो. गट क्रमांक … मधील मोकळ्या जागेत दर रविवारी सकाळी ७ ते ९ या वेळेत उड्डाण करण्यास परवानगी मिळावी. विमानाचा नोंदणी क्रमांक … आहे, तृतीय पक्ष विमा घेतलेला आहे आणि विमानावर कॅमेरा नाही. गुरे, माणसे व पिके यांपासून अंतर राखीन. नुकसान झाल्यास भरपाईची जबाबदारी माझी राहील.”

कॅमेरा नसल्याचे वाक्य खरे असेल तर अवश्य लिहा. गावकऱ्यांची खरी शंका तीच असते. सहीशिक्क्याची प्रत मैदानावर बरोबर ठेवा.

विमा, रेडिओ आणि परदेशी खोकी

नॅनो सोडून इतरांना तृतीय पक्ष विमा लागतो. मोटार वाहन कायद्यातल्या तरतुदी त्याला लागू केल्या आहेत. पॉलिसी घेताना हौशी वापर आणि स्थिर पंखांचे मॉडेल हे शब्द पॉलिसीत आले आहेत का ते वाचा. एक किलोचे विमान वेगाने कुणाच्या डोक्यावर आले तर काय होते, याची कल्पना प्रॉप फिरताना पाहिलेल्या माणसाला लगेच येते. मला विचाराल तर कायद्यात नसता तरी विमा घ्यावा असाच आहे. अपघात झाल्यास ४८ तासांच्या आत मंचावर कळवायचे असते. नियमभंगाला १ लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

ट्रान्समीटर २.४ गिगाहर्ट्झचा घ्यावा. कमी शक्तीच्या उपकरणांसाठी हा पट्टा २००५ पासून परवानामुक्त आहे. मात्र उपकरणाला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची मान्यता, म्हणजे ईटीए, असावी; देशातल्या दुकानातून बिलासह घेताना हे विचारा. ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार, अर्धवट जोडलेले किंवा पूर्ण सुटे असे कोणत्याही रूपातले ड्रोन आयात करण्यावर बंदी आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा हे अपवाद आहेत. मोटर, ईएससी यांसारखे घटक आणायला बंदी नाही. परदेशी संकेतस्थळावर स्वस्त दिसणारा पूर्ण संच मागवण्यापेक्षा इथेच सांगाडा कापून घटक जोडावेत. शिकणेही जास्त होते आणि खोके कस्टम्समध्ये अडकत नाही.

विकताना, देताना, मोडल्यावर

विमान कुणाला विकले, भेट दिले किंवा ते दुरुस्तीपलीकडे गेले, तर नमुना डी-३ भरावा लागतो. हस्तांतर आणि नोंदणी रद्द करणे दोन्ही त्याच अर्जावर होते. जुने ट्रेनर नवशिक्याला देण्याची आपल्याकडे चांगली पद्धत आहे, पण ते देताना हा अर्ज राहून गेला तर नव्या माणसाच्या हातून झालेल्या अपघाताची चौकशी तुमच्या दारात येईल. म्हणून विमान हातात देण्याआधीच दोघांनी मिळून अर्ज भरावा. सुटे भाग काढून दुसऱ्या सांगाड्यात बसवणार असाल, तर जुन्या विमानाची नोंदणी आधी रद्द करावी, म्हणजे तेच अनुक्रमांक नव्या अर्जात टाकताना अडचण येत नाही.